बालवाडीचा आद्य माळी : फ्रेडरिक फ्रोबेल

गेल्या मार्गशीर्षात आपल्या ज्ञातिमंडळाचे वार्षिक वनभोजन एका ओढ्याकाठच्या आमराईत झाले. त्या दिवशीचा एक लहानसा देखावा आमच्या मनातून अद्यापि गेलेला नाही. पंगती उठल्यावर वडीलधारी मंडळी सतरंज्यांवर विसावली आणि मुलांना खेळावयास मोकळीक मिळाली. ओढ्यास घोटाभर पाणी होते, वाळू होती, गोटे होते, आंब्याच्या फांद्या मुलांच्या हातास लागतील इतक्या खाली आल्या होत्या. असे असूनही सहासात वर्षांची आपली मुले काठावरच उभी राहिली आणि आता काय करावयाचे, असे आपापल्या आईस विचारू लागली. कोणी पायांतले काढावयास तयार होईना, कोणी चिखल लागला म्हणून रडू लागले, कोणी वडिलांचा भ्रमणध्वनी मागून घेऊन झाडाखाली जाऊन बसले. धीर करून जी दोन मुले पाण्यात उतरली, त्यांस चार घरच्या माणसांनी एकदम हाका मारून वर काढले. त्या हाका मारणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे.

यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र लिहून द्यावे, असे संपादक मंडळाने आम्हांस सुचविले तेव्हा तो ओढा आमच्या डोळ्यांपुढे आला, आणि त्याबरोबरच सुमारे सव्वादोनशे वर्षांपूर्वी जर्मनीतील एका लहानशा गावात असाच खेळाच्या काठावर उभा राहिलेला एक दहा वर्षांचा मुलगा आठवला. तोच मुलगा पुढे बालवाडीचा जनक म्हणून जगास ठाऊक झाला. फ्रेडरिक फ्रोबेल हे नाव शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्यास माहीत असते. परंतु आपली मुले बालवाडीत घालणाऱ्या मातापितरांस त्याच्या चरित्राची फारशी ओळख नसते. ती व्हावी, एवढ्याच हेतूने हा लेख आम्ही वाचकांच्या हाती देत आहोत.

फ्रोबेलचा जन्म 21 एप्रिल 1782 रोजी थुरिंगिया प्रांतातील ओबरवाइसबाख या डोंगराळ गावी झाला. वडील प्रॉटेस्टंट पंथाचे धर्मोपदेशक होते. आसपासच्या अनेक खेड्यांचा भार त्यांजकडे असल्यामुळे त्यांस घरात लक्ष घालण्यास सवड नसे. मूल वर्षाचे होण्यापूर्वीच आई निवर्तली. पुढे सावत्र आई आली. आरंभी तिने मुलास जवळ केले, परंतु तिला स्वतःचे अपत्य होताच हा पोरका मुलगा तिच्या मनातून उतरला. घर उंच भिंतींनी, कुंपणांनी आणि इतर इमारतींनी वेढलेले होते. अंगणाबाहेर पाऊल टाकावयाचे नाही, अशी सक्त ताकीद असे. गावाभोवती डोंगर आणि घराभोवती भिंत, यामुळे मुलास मोकळे असे काय ते वरचे आकाश तेवढे दिसे. त्याच्या वाट्यास आलेली दुसरी गोष्ट म्हणजे घरामागची बाग. बोलावयास कोणी नसल्यामुळे तो फुलांकडे तासन्‌तास पाहत बसे.

या एकाकी बालपणात त्याचा वडील भाऊ क्रिस्टोफ हाच त्याचा आधार होता. गावातील नवराबायकोंची भांडणे धर्मोपदेशकाकडे निवाड्यास येत आणि ती मुलाच्या कानी पडत. देवाने स्त्री आणि पुरुष असा भेद निर्माण केला नसता तर हा कलह तरी टळला असता, असे त्या बालबुद्धीस वाटे. त्याने आपली शंका भावास विचारली. क्रिस्टोफने त्यास उपदेश केला नाही. हेझल नावाच्या झुडपावरील बारीक जांभळट तंतूंची फुले त्याने धाकट्या भावास दाखविली आणि हा भेद फुलांतही आहे व त्यावाचून फळ धरत नाही, हे समजावून दिले. मुलाचे समाधान झाले. मनुष्याच्या आयुष्यातील कोड्यांची उत्तरे झाडापानांतही सापडतात, ही जाणीव त्या दिवसापासून त्याच्या ठायी रुजली आणि ती अखेरपर्यंत टिकली.

दहा वर्षे उलटून गेल्यावर, 1792 साली, आईकडील मामास या मुलाची दया आली आणि तो त्यास श्टाटइल्म येथे आपल्या घरी घेऊन गेला. मामा होफमान हाही धर्मोपदेशकच होता, परंतु स्वभावाने मृदू. त्याने भाच्यास एकच अट घातली : वेळेवर घरी परत यावे. बाकी कोठेही भटकण्यास मोकळीक होती. इल्म नदी, तिचे काठ, शेते, रस्ते, सर्व त्याचे झाले. शाळेत सुमारे चाळीस सवंगडी मिळाले. आणि येथेच तो प्रसंग घडला, ज्याचा उल्लेख आम्ही प्रारंभी केला. ती सर्व मुले मैदानात धावत, उड्या मारीत, झोंबत होती आणि हा नवा मुलगा त्यांत शिरू शकत नव्हता. इतकी वर्षे भिंतीआड वाढल्यामुळे त्याच्या अंगात बळ नव्हते, हातापायांत चापल्य नव्हते. खेळण्याची इच्छा होती, पण कोणता खेळ कसा खेळावा, हेच त्यास अवगत नव्हते. समवयस्कांच्या बरोबरीने खेळू लागण्यास त्यास बराच काळ लागला. मात्र हळूहळू शरीर सुधारले, भीड मोडली, आणि श्टाटइल्मची ती चारपाच वर्षे त्याच्या आयुष्यातील सुखाची वर्षे ठरली. प्रौढपणी आपल्या जीवनाचा वृत्तांत लिहिताना या दोन घरांतील अंतर त्याने मोठ्या बारकाईने नोंदविले आहे. मूल तेच होते. एका घरी ते मंद आणि हट्टी ठरले, दुसऱ्या घरी उमलले. मधला फरक होता तो विश्वासाचा आणि मोकळ्या हवेचा.

पंधराव्या वर्षी, 1797 साली, त्यास एका वनाधिकाऱ्याकडे उमेदवारीस ठेवण्यात आले. त्या गृहस्थास शिकविण्यास सवड नव्हती. परिणामी दोन वर्षे हा मुलगा अरण्यात जवळजवळ एकटाच वाढला. वनस्पती गोळा कराव्या, मिळतील ती पुस्तके वाचून त्यांची नावे लावावी, जमिनीची मापे घ्यावी, असा त्याचा क्रम असे. उमेदवारी संपली तेव्हा धन्याने मुलाविषयी वडिलांकडे तक्रारच केली. परंतु त्या अरण्याने त्यास जे दिले, ते कोणत्याही प्रशस्तिपत्रात मावणारे नव्हते.

यानंतरची सोळासतरा वर्षे फ्रोबेलने ज्या अस्थिरतेत घालविली, ती पाहून कोणताही व्यवहारी बाप कपाळास हात लावील. 1799 साली तो येना विद्यापीठात गेला आणि कर्जापायी नऊ आठवडे विद्यापीठाच्या कोठडीत राहून घरी परतला. 1802 साली वडील वारले. नंतर त्याने जंगल खात्यात कारकुनी केली, मोजणीदाराचे काम केले, जमीनदारांकडे चिटणिशी केली. 1805 साली वास्तुशास्त्र शिकण्यासाठी तो फ्रँकफुर्टला गेला. तेथे ग्रूनर नावाच्या मुख्याध्यापकाची गाठ पडली आणि त्या गृहस्थाने याचा खरा पिंड ओळखून त्यास आपल्या शाळेत शिक्षक नेमले. वर्गात पाऊल ठेवताच फ्रोबेलला आपले जीवितकार्य सापडल्याची खूण पटली. त्याच वर्षी तो स्वित्झर्लंडमधील इव्हर्डन येथे पेस्टालॉझी या थोर शिक्षकाची संस्था पाहून आला.

पुढे फ्रँकफुर्टच्या होल्झहाउझेन घराण्यातील तीन मुलांचा तो खाजगी शिक्षक झाला. श्रीमंताघरची ती मुले होती. त्यांस शहराबाहेर, शेताच्या सान्निध्यात ठेवावे, अशी अट घालूनच त्याने ती जागा पत्करली. मुलांच्या वडिलांनी जमिनीचा एक तुकडा बागेसाठी दिला. त्यात मुले स्वतः खपू लागली. स्वतः पिकविलेली फुले आणि फळे आईबापांस नेऊन देण्यात त्यांस जो आनंद होई, तो विकतच्या कोणत्याही खेळण्याने झाला नव्हता. 1808 ते 1810 ही दोन वर्षे ती मुले घेऊन तो पुन्हा पेस्टालॉझीकडे राहिला. तेथील अध्यापनात त्यास गुण दिसले तसे दोषही दिसले. परंतु मुलांचे उघड्यावरील खेळ पाहून तो थक्क झाला. शरीराबरोबरच बुद्धी आणि मन यांसही जागे करण्याचे सामर्थ्य त्या खेळांत आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. खेळ हा अभ्यासानंतरचा विरंगुळा होय, अशी तेव्हाच्या लोकांची समजूत होती. आजही ती फारशी बदललेली नाही. लहान मुलाचा खेळ हाच त्याचा अभ्यास होय, हा विचार फ्रोबेलच्या मनात येथे पक्का झाला.

1813 साली नेपोलियनविरुद्धच्या युद्धात तो स्वयंसैनिक म्हणून सामील झाला. छावणीत लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ या दोन तरुणांशी जो स्नेह जडला, तो आयुष्यभर टिकला. युद्धानंतर बर्लिनच्या खनिजसंग्रहालयात त्यास चांगली नोकरी मिळाली. स्फटिकांच्या अभ्यासात तो इतका प्रवीण झाला होता की स्टॉकहोमहून त्यास प्राध्यापकपदाचे बोलावणे आले. अशा वेळी घरातील एका आपत्तीने त्याच्या आयुष्यास निराळे वळण दिले. त्याचा लाडका भाऊ क्रिस्टोफ 1813 साली सैनिकांची शुश्रूषा करता करता ज्वराने वारला होता. मागे विधवा पत्नी आणि तीन मुले होती. ज्या भावाने हेझलचे फूल दाखवून आपली शंका फेडली, त्याची मुले पोरकी राहावी, हे फ्रोबेलला सहन होईना. त्याने स्टॉकहोमचे पद नाकारले, बर्लिनची नोकरी सोडली, आणि 1816 साली ग्रीसहाइम गावी ती तीन मुले व दुसऱ्या भावाची दोन मुले अशा पाच पुतण्यांस घेऊन शाळा उघडली. पुढच्या वर्षी ती शाळा कायल्हाऊ या डोंगरदरीतील खेड्यात हलविण्यात आली. लांगेथाल आणि मिडेनडॉर्फ हेही सर्व सोडून तेथे येऊन राहिले. 1818 साली बर्लिनमधील सुखवस्तू घरातील विदुषी विल्हेल्मिने होफमाइस्टर हिच्याशी फ्रोबेलचा विवाह झाला. त्या सुशिक्षित स्त्रीने या निर्धन आश्रमातील ओढग्रस्तीचा संसार आनंदाने पत्करला.

कायल्हाऊच्या शाळेत गणित, भाषा, इतिहास हे सर्व विषय होते. परंतु आमच्या प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते शाळेभोवतीचे डोंगर आणि ओढे होत. मुले ओहोळ अडवून बांध घालीत, रानात खोपी आणि किल्ले उभारीत, गुरूंबरोबर दूरदूरच्या पदयात्रा करीत. त्यांस स्वतःची बागही करावयास मिळे. या अनुभवाच्या आधारावर फ्रोबेलने 1826 साली मानवाच्या शिक्षणाविषयीचा आपला मुख्य ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातील झाडावर चढण्याविषयीचे विवेचन प्रत्येक आईबापांनी मनावर घेण्याजोगे आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की, नवे झाड चढून जाणाऱ्या मुलास वरून दिसणारे जग नवे असते, आणि आपण मात्र खालून ओरडून त्यास उतरविण्याच्या खटपटीत असतो. जे मूल लहानपणापासून आपले बळ थोडेथोडे अजमावीत वाढते, त्यास आपली मर्यादा कळते आणि ते सहसा संकटात सापडत नाही. ज्यास सदोदित धरून ठेविले, त्यास आपल्या शक्तीचा अदमास नसतो, आणि एखादे दिवशी हात सुटला की अपघात होतो तो त्यालाच. धोका टाळण्यासाठी आपण मुलास ज्या रीतीने जपतो, तीच रीत त्यास धोक्यात घालते, हे मर्म त्याने त्या काळी ओळखले होते.

या शाळेच्या वाट्यास सुखाचे दिवस थोडेच आले. तेथे राज्यविरोधी विचार शिकविले जातात, असा संशय प्रशियाच्या सरकारास आला. चौकशीसाठी आलेल्या अधिकाऱ्याने शाळेची स्तुतीच केली, तरी लोकांच्या मनात शिरलेली भीती गेली नाही. साठाच्या आसपास पोहोचलेली विद्यार्थिसंख्या 1829 साली अवघ्या पाचांवर आली. यात फ्रोबेलचा दोष नव्हता, असे आम्ही म्हणणार नाही. तो हेकट होता, हिशेबात कच्चा होता, आणि आपले विचार इतक्या दुर्बोध भाषेत मांडी की स्नेह्यांनाही ते उलगडून सांगावे लागत. 1831 साली तो स्वित्झर्लंडला गेला. तेथे त्याने शाळा काढल्या, शिक्षक तयार केले, बुर्गडॉर्फचे अनाथालय चालविले. मोठ्या मुलांस शिकविताना एक गोष्ट त्याच्या ध्यानात येऊ लागली की, पाया घालण्याची वेळ निघून गेल्यावर आपण इमारत बांधावयास घेत आहोत. खरा पाया घातला जातो तो शाळेच्या पूर्वी, आईच्या मांडीवर आणि घराच्या अंगणात. वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, माणसे निवृत्तीची भाषा बोलू लागतात त्या वयात, त्याने आपल्या आयुष्यातील मुख्य कार्यास हात घातला.

1837 साली कायल्हाऊजवळच्या ब्लांकेनबुर्ग या गावी त्याने लहान मुलांच्या खेळासाठी एक संस्था स्थापन केली. लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडाचा गोल, घन आणि वृत्तचिती, घनाचे तुकडे करून केलेले ठोकळे, अशी खेळण्यांची एक मालिका त्याने रचली आणि तिला देणग्या असे नाव दिले. आपल्या संस्थेस काय म्हणावे, हे मात्र त्यास सुचेना. शाळा हा शब्द त्यास नको होता, कारण तेथे मुलांस शिकवावयाचे नव्हते, वाढू द्यावयाचे होते. 1840 सालच्या वसंत ऋतूत मिडेनडॉर्फ आदी स्नेह्यांसह डोंगरवाटेने ब्लांकेनबुर्गकडे येत असता, खाली पसरलेली दरी पाहून त्यास ते नाव एकाएकी स्फुरले : किंडरगार्टन, म्हणजे मुलांची बाग. त्याच वर्षी 28 जून रोजी त्या नावाने संस्थेची रीतसर स्थापना झाली. हा आनंद पाहावयास पत्नी मात्र उरली नव्हती. ती आदल्याच वर्षी निवर्तली होती. त्यास स्वतःचे अपत्य नव्हते.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून या नावाचा विचार करावा. आपल्या मराठीने या शब्दास जो प्रतिशब्द दिला, तो किती अर्थपूर्ण आहे! कोकणातील आपल्या मंडळींस वाडी म्हणजे काय, हे सांगावयास नको. नारळीपोफळीची वाडी म्हणजे शिंपलेली, राखलेली, सावलीची बाग. बालवाडी म्हणजे मुलांची बाग. ही केवळ उपमा नव्हती. मुलांस बागेतील रोपांप्रमाणे वाढवावे, एवढाच फ्रोबेलचा आशय असता तर ते नाव चार भिंतींच्या खोलीसही चालले असते. त्यास मातीची खरीखुरी बाग अभिप्रेत होती. त्या बागेचा आराखडाच त्याने लिहून ठेविला आहे. प्रत्येक मुलास स्वतःचा लहानसा वाफा असावा. त्यात त्याने हवे ते पेरावे, उगवले तर आनंद घ्यावा, वाळले तर का वाळले याचा विचार करावा. वाफ्यावर मुलाचे नाव असावे, रोपाजवळ रोपाचे. जागा अपुरी पडल्यास दोन मुलांत एक वाफा द्यावा, म्हणजे ती सांभाळून घेण्यास शिकतील. या खाजगी वाफ्यांभोवती सर्वांचा मिळून एक सामायिक पट्टा असावा, एकीकडे फुलांचा, दुसरीकडे भाजीपाल्याचा आणि धान्याचा. स्वतःचे काय आणि सर्वांचे काय, हे मुलाने पुस्तकातून न शिकता पाणी घालता घालता शिकावे, अशी ही योजना होती. सार्वजनिक संस्था चालविणाऱ्या आपल्यासारख्यांस तर तिचे मोल विशेष वाटावे.

संस्थेसाठी पैसा उभा करण्याकरिता दहा थालरांचे भाग काढून जर्मनीतील स्त्रियांस आवाहन करण्यात आले. फारच थोडे भाग खपले. 1844 साली ब्लांकेनबुर्गचे काम द्रव्याभावी बंद पडले. तेव्हा हा साठी उलटलेला गृहस्थ गावोगाव हिंडून व्याख्याने देऊ लागला आणि तरुण स्त्रियांस बालशिक्षिका म्हणून तयार करू लागला. लहान मुलांच्या शिक्षणात स्त्रियांस मानाचे स्थान मिळवून देणाऱ्या अग्रणींत त्याची गणना होते. 1849 साली तो लीबेनश्टाइन या आरोग्यस्थानी राहावयास आला. खेड्यातील पोरे गोळा करून त्यांच्याबरोबर टेकडीवर गात आणि उड्या मारीत फिरणाऱ्या या म्हाताऱ्यास लोक वेडा समजत. त्याच टेकडीवर मारेनहोल्ट्झ-ब्यूलो नावाच्या एका सरदारघराण्यातील विदुषीने त्यास पाहिले. वेडा म्हणून ज्याची ख्याती ऐकली होती, तो असामान्य पुरुष आहे, हे तिने ओळखले, आणि पुढे सर्व युरोपात त्याच्या विचारांचा प्रसार केला. 1850 च्या ऑगस्टमध्ये जवळच्या आल्टेनश्टाइन येथे तीनशेच्या वर मुलांचा उघड्यावरील क्रीडामहोत्सव झाला. फ्रोबेलच्या आयुष्यातील तो बहुधा सर्वांत तृप्तीचा दिवस असावा.

त्यानंतर सुमारे एक वर्षाने वज्राघात झाला. 7 ऑगस्ट 1851 रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. मुलांस निरीश्वरवाद आणि समाजवाद शिकविला जातो, असा आरोप होता. फ्रोबेलचा पुतण्या कार्ल याने लिहिलेल्या एका पुस्तिकेवरून हा घोटाळा झाला होता. काकाने खुलासे केले, राजापर्यंत अर्ज केला. काही उपयोग झाला नाही. अमेरिकेस निघून जाण्याचा विचारही त्याच्या मनात आला. आयुष्यभर देवावर अढळ श्रद्धा ठेवणाऱ्या माणसावर निरीश्वरवादाचा आळ यावा, याहून दैवदुर्विलास तो कोणता? त्याच वर्षी त्याने आपली शिष्या लुइझे लेविन हिच्याशी दुसरा विवाह केला होता. या धक्क्यानंतर त्याची प्रकृती खालावत गेली. अखेरच्या दुखण्यात आपल्या फुलांची काळजी घ्या आणि माझ्या तणासही उपटून टाकू नका, मी त्यापासून पुष्कळ शिकलो आहे, अशा आशयाचे त्याने जवळच्यांस विनविले, असे सांगतात. 21 जून 1852 रोजी मारीएनथाल येथे त्याने देह ठेविला. बंदी उठली ती 1860 साली. श्वाइना गावी त्याची समाधी आहे. तिच्यावर त्याच्या खेळण्यांतील घन, वृत्तचिती आणि गोल हे तीन आकार दगडात घडवून एकावर एक ठेविले आहेत.

त्या समाधीचा विचार करताना आमच्या मनास एक चुटपुट लागून राहते. फ्रोबेलने जगास दोन वस्तू दिल्या : एक खेळण्यांची पेटी, दुसरी बाग. पेटी उचलून नेता येते, विकता येते, आगगाडीने पाठविता येते. ती देशोदेशी गेली. अमेरिकेतील पहिले किंडरगार्टन 1856 साली विस्कॉन्सिन प्रांतातील वॉटरटाउन येथे निघाले, आणि शतक संपण्यापूर्वी ते नाव सर्व जगास परिचित झाले. बाग मात्र जागेवरून हलविता येत नाही. तिला जमीन लागते, पाणी लागते, आणि मुलांचे कपडे मळतील हे सोसणारी वडीलमाणसे लागतात. परिणामी पुष्कळ ठिकाणी चौकटी आखलेल्या मेजांवर ठोकळे मांडून, शिक्षिकेच्या आज्ञेबरहुकूम हलविण्यालाच फ्रोबेलची पद्धत म्हणू लागले. नाव बागेचे राहिले, बाग गेली.

ती परत आणणारे काही द्रष्टे पुढे झाले, हे आपले भाग्य. लंडनमधील डेप्टफर्ड या गरिबांच्या वस्तीत मार्गारेट मॅकमिलन यांनी 1914 साली उघड्यावरची शिशुशाळा काढली. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डी येथे आणि 1957 पासून कोसबाडच्या टेकडीवर जे कार्य केले, त्याचे स्मरण तर कृतज्ञतेनेच केले पाहिजे. त्यांचा आणि गिजुभाई बधेका यांचा गुरुमार्ग मॉन्टेसरीबाईंचा, फ्रोबेलचा नव्हे. परंतु ताराबाईंनी आणि अनुताई वाघ यांनी महागडी साधने दूर सारून पाने, बिया, शिंपले, खडे हीच मुलांची साधने केली. आदिवासी पाड्यांत अंगणात शाळा नेली, आणि जी मुले गुरे राखावयास जात, त्यांच्यामागोमाग कुरणात जाऊन कुरणशाळा भरविली. 1973 साली ताराबाई निवर्तल्या, 1992 साली अनुताई. ब्लांकेनबुर्गच्या त्या म्हाताऱ्याने ती कुरणशाळा पाहिली असती, तर आपली हरवलेली बाग डहाणूच्या रानात सापडली, असे त्यास खचित वाटले असते.

आता आपल्या घराकडे वळू. आपल्या ज्ञातीत शिक्षणाची आस्था मोठी. अडीच वर्षांच्या मुलाच्या शालाप्रवेशासाठी आपण रात्रभर रांगेत उभे राहतो. परंतु त्या शाळेस अंगण आहे की नाही, हे आम्ही स्वतः आमच्या नातवंडांच्या वेळी विचारले नाही, हे कबूल करतो. रस्त्यांवर वाहने वाढली, वाडे जाऊन उंच इमारती आल्या, परसू नाहीसे झाले. मातापितरांची भीती अगदीच निराधार आहे, असे कोण म्हणेल? मुलास एकट्याने रस्त्यावर सोडावे, असे आमचे म्हणणे नाही आणि फ्रोबेलचेही नव्हते. त्याच्या मामाने मोकळीक दिली ती वेळेवर परतण्याच्या अटीसह. वडीलमाणसाने जवळ असावे, परंतु हाक मारण्यापूर्वी दहा अंक मोजावे, एवढे तरी आपल्या हातचे आहे.

आणखी एक गोष्ट आपल्या हातची आहे. मंडळाच्या कार्यालयामागे चिंचेखाली जी मोकळी जागा पडून आहे, ती फरसबंद करून तेथे वाहने उभी करण्याची सोय करावी, असा प्रस्ताव येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे. सूचना करणाऱ्या बंधूंचा हेतू चांगलाच आहे. समारंभाच्या दिवशी होणारी अडचण आम्हीही भोगली आहे. परंतु समारंभाचे दिवस वर्षातून पंधरावीस, आणि मुलांचे बालपण रोजचे. ती जागा मातीचीच राहू द्यावी. एका कडेस वीस वाफे आखावे, सभासदांच्या मुलांची नावे लावावी, नळाची एक तोटी द्यावी, कोपऱ्यात वाळूचा ढीग टाकावा. रविवारी सकाळी दोन ज्येष्ठांनी चिंचेखाली खुर्च्या टाकून बसावे. त्यांत एक खुर्ची आमची समजावी. खेळ कोणी शिकवू नये. आरंभी मुले काठावर उभी राहतील, काय करावयाचे असे विचारतील. फ्रोबेलही तसाच उभा राहिला होता. त्यास थोडा वेळ मिळाला, एवढेच.

पुढच्या वनभोजनास पुन्हा त्याच ओढ्यावर जावयाचे ठरले आहे. त्या वेळी पाण्यात उतरलेल्या मुलांस आम्ही हाक मारणार नाही, असा शब्द आम्ही या पानावर सर्व ज्ञातिबांधवांस देऊन ठेवीत आहोत.